मुसळधार पावसात उघड्यावर उभी राहणारी मोटरसायकल कशी जपावी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वाडीत बहुतेक घरांना पडवी आहे, पण ती माणसांसाठी, सरपणासाठी आणि न वाळणाऱ्या कपड्यांसाठी असते. मोटरसायकल मात्र मृगापासून हस्तापर्यंत अंगणातच उभी राहते. शहरात इमारतीबाहेर, रस्त्याच्या कडेला गाडी लावणाऱ्यांची अवस्था याहून फार वेगळी नसते. अशा गाडीचे पावसाने नेमके काय बिघडते याबद्दल लोकांच्या मनात बरेच गैरसमज असतात, आणि त्यापायी नको तेथे कष्ट घेतले जातात व हव्या त्या ठिकाणी दुर्लक्ष होते. मोटरसायकल मुळात पावसात चालवण्यासाठीच बनवलेली असते. वरून पडणारे आणि निथळून जाणारे पाणी तिचे फारसे वाकडे करत नाही. तिला खाते ते आत शिरून तेथेच मुक्काम करणारे पाणी आणि दिवसेंदिवस न वाळणारी ओल.

हा फरक आकड्यांत पाहिला तर लगेच लक्षात येतो. हवामान विभाग २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पावसाला मुसळधार म्हणतो, ११५.६ मिलिमीटरपासून पुढे अति मुसळधार, आणि २०४.४ मिलिमीटरच्या वर गेला की अत्यंत मुसळधार. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. मोटरसायकलची लांबी साधारण दोन मीटर आणि हँडलची रुंदी पाऊण मीटर धरली, तर २०० मिलिमीटर पावसाच्या दिवशी तिच्या वाट्याला सुमारे ३०० लिटर पाणी येते. त्यातले जवळजवळ सगळे जमिनीवर जाते. मागे राहते ते फार तर पेलाभर, टाकीच्या झाकणाभोवती, सीटच्या स्पंजात, चेनच्या कव्हरमध्ये, प्लगच्या खाचेत आणि केबलच्या नळीत. पावसाळ्यातली सगळी निगा या पेलाभर पाण्यासाठी असते.

जागा निवडताना

छप्पर मिळत नसेल तर निदान पागोळ्या टाळाव्यात. भिंतीच्या आडोशाला म्हणून गाडी घराला चिकटून लावली जाते आणि कौलांवरून पडणारी धार रात्रभर बरोबर टाकीच्या झाकणावर किंवा स्पीडोमीटरवर पडत राहते. चार-पाच मीटर लांबीच्या छपराचे पाणी एका ओळीत एकवटून पडते, तेव्हा त्या ओळीखाली उभ्या असलेल्या गाडीला उघड्या अंगणातल्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त मार बसतो. त्यापेक्षा भिंतीपासून हात-दोन हात पुढे, सरळ आकाशाखाली उभी केलेली गाडी सुखी असते. झाडाखालची जागाही फसवी आहे, कारण पाऊस थांबल्यावर तासभर झाड गळतच राहते, पाने आणि फुलोरा बारीक भोकांत जाऊन बसतो आणि ऊन पडले तरी गाडीपर्यंत पोहोचत नाही. माडाखाली गाडी का लावू नये हे कोकणात सांगण्याची गरज नाही. नारळ नाही तर निदान झावळी तरी पडतेच.

तोंड कोणत्या दिशेला असावे, याचाही विचार करावा. आपल्याकडे पावसाळी वारा मुख्यतः नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. गाडीचा पुढचा भाग समोरून येणारा पाऊस झेलण्यासाठीच घडवलेला असतो, कारण चालत्या गाडीवर पाऊस समोरूनच येतो; मागून किंवा बाजूने येणाऱ्या झडीचा तितका विचार केलेला नसतो, आणि सायलेन्सरचे तोंडही मागेच असते. म्हणून गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी. बाजूने येणाऱ्या सोसाट्याच्या वाऱ्याला, त्यातही कव्हर घातलेली गाडी शिडासारखी सापडते आणि आडवी होते.

शक्य असेल तेथे मेन स्टँड वापरावा. त्यावर टाकी समतल राहते, गाडी रात्रभर एका बाजूला कलून राहत नाही आणि मागचे चाक मोकळे असल्यामुळे चेनची देखभाल जागच्या जागी करता येते. मात्र जांभ्या मातीचे अंगण चार दिवसांच्या संततधारेनंतर लोण्यासारखे होते, आणि आदल्या संध्याकाळी ताठ उभी असलेली गाडी सकाळी कुशीवर झोपलेली सापडते. स्टँडखाली फरशीचा किंवा जाड फळीचा तुकडा घातला की ही कटकट मिटते. साइड स्टँडलाच लावायची असेल, तर उतारावर गाडीचे तोंड चढाकडे ठेवून पहिला गिअर टाकावा, म्हणजे ती पुढे सरकून स्टँड दुमडणार नाही.

टाकीचे झाकण, म्हणजे निम्मा पावसाळा

आता ज्या एका जागेबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, तिच्याकडे येतो. अनेक मोटरसायकलींमध्ये टाकीचे झाकण पत्र्याच्या पातळीला बसवलेले असते आणि त्याच्या भोवती एक गोल खाच असते. त्या खाचेत पडणारे पाणी वाहून जाण्यासाठी एक बारीक भोक असते, आणि त्या भोकातून टाकीच्या आतून जाणारी एक नळी खाली जमिनीकडे उघडते. झाकणाचा घेर दहा सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर २०० मिलिमीटर पावसाच्या दिवशी एकट्या त्या वर्तुळात दीड लिटरच्या आसपास पाणी पडते, आणि ते सगळे त्या एका भोकातून जाणे अपेक्षित असते. उन्हाळ्यातली धूळ, आंब्याचा मोहोर आणि पॉलिशचा पांढरा गाळ यांनी ते भोक मे महिन्यातच बुजलेले असते. मग पाणी झाकणाभोवती तळ्यासारखे साचते आणि जुन्या, कडक झालेल्या रबरी वायसरमधून थेंबाथेंबाने पेट्रोलमध्ये उतरते.

काही वर्षांपूर्वी जुलैत माझी गाडी रोज सकाळी चालू होई आणि दोनशे-तीनशे मीटरवर, नेमकी चढावर, आचके देऊन बंद पडे. मेकॅनिकने दोनदा कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणारा भाग, साफ केला, एकदा प्लग बदलला आणि तिन्ही वेळा पैसे घेतले. चौथ्या दिवशी पाऊस जरा उघडल्यावर मी सहज झाकण उघडायला गेलो, तर भोवतालच्या खाचेत वाटीभर तांबूस पाणी साचलेले होते आणि झाकण उचलताच त्यातले निम्मे माझ्या डोळ्यांदेखत टाकीत गेले. तोपर्यंत कार्ब्युरेटर बिचारा विनाकारण दोषी ठरला होता.

ही तपासणी पाच मिनिटांची आहे. झाकण बंद ठेवून खाचेत हळूहळू पेलाभर पाणी ओतावे आणि गाडीच्या पोटाखाली पाहावे. लगेच धार लागली तर मार्ग मोकळा आहे. पाणी वर तुंबून राहिले, तर ते आधी फडक्याने पूर्ण टिपून घ्यावे आणि मग जुन्या क्लच केबलची एक तार, तिचे टोक बोथट करून, भोकातून अलगद फिरवत खाली न्यावी. खालच्या बाजूला रबरी नळी जोडलेली असेल तर तीही काढून फुंकून पाहावी, कारण पुष्कळदा गाळ भोकात नसून नळीच्या चिमटलेल्या टोकाशी असतो. तारेने जोर लावू नये. आतली नळी फुटली तर पाण्याला टाकीत जायला हक्काची वाट मिळते. वायसर कडक किंवा चिरलेले दिसले तर फक्त ते किंवा झाकणच बदलावे. पावसाळा संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी हा पेलाभर पाण्याचा प्रयोग करावा, आणि पेट्रोल भरायला जाताना खिशात एक कोरडे फडके ठेवून झाकण उघडण्याआधी खाच पुसून घ्यावी.

पेट्रोलमध्ये पाणी गेले आहे की नाही, हेही डोळ्यांनी पाहता येते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाला बसते, आणि इंधनाची वाट तळाजवळूनच असल्यामुळे इंजिनला आधी पाणीच मिळते. कार्ब्युरेटरच्या गाडीत त्याच्या तळाच्या वाटीला एक स्क्रू असतो. इंजिन पूर्ण थंड असताना, जवळपास बिडी-सिगारेट किंवा चूल नाही याची खात्री करून, तो स्क्रू सैल करावा आणि नळीतून येणारे पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत धरावे. बाटली दोन मिनिटे स्थिर ठेवून हलकेच तिरपी केली की तळाशी पाऱ्यासारखा सरकणारा पाण्याचा गोळा स्पष्ट दिसतो. निव्वळ पेट्रोल येईपर्यंत वाटी रिकामी करावी आणि जमलेले मिश्रण विहिरीच्या किंवा गटाराच्या आसपास ओतू नये. कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्यांत, म्हणजे एप्रिल २०२० पासून प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांनुसार आलेल्या बहुतेक मोटरसायकलींत, ही सोय नसते. पंप टाकीच्या आतच असतो आणि पाण्याने तो व इंजेक्टर दोन्ही खराब होऊ शकतात. तेथे टाकी उतरवून रिकामी करण्याचे काम जाणकाराकडेच द्यावे.

इथेनॉलमुळे हा प्रश्न थोडा अवघड झाला आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल पाण्याला आपल्यात सामावून घेते. अगदी थोडे पाणी गेले तर ते मिसळून जळूनही जाते. परंतु मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसते. म्हणूनच बाटलीत दिसणारा खालचा थर आत गेलेल्या पाण्यापेक्षा मोठा असू शकतो. गाडी आठ-दहा दिवस जागेवरून हलणार नसेल तर टाकी जवळजवळ भरलेली ठेवावी, कारण रिकाम्या जागेतल्या दमट हवेतली वाफ रात्री गार पत्र्यावर धरते आणि टाकीला आतून गंज चढतो.

कव्हर घालावे की घालू नये

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त, प्लास्टिकच्या घट्ट कव्हरपेक्षा मी गाडी उघडी ठेवणे पसंत करेन. पाऊस वरून अडतो हे खरे, पण जमिनीतून उठणारी वाफ आणि गाडीला आधीच लागलेले पाणी आत कोंडते. तीन दिवसांनी कव्हर उचलले की आतून थेंब टपकतात, सीटवर पांढरी बुरशी दिसते आणि नट-बोल्टांवर तांबूस पूड जमलेली असते. उघड्या गाडीला निदान उघडीप मिळाली की वारा तरी लागतो. कव्हर वापरायचेच असेल तर ते कापडी पाठीचे, खालून मोकळे आणि हवा खेळण्यासाठी झरोके असलेले घ्यावे, गाडी पुसून व किमान अर्धा तास थंड होऊ देऊन मगच घालावे, आणि पाऊस थांबला की काढून दोरीवर टाकावे. गरम सायलेन्सरवर प्लास्टिक वितळून चिकटले तर तो डाग पुढे निघता निघत नाही. कव्हर पोटाखालून पट्ट्याने बांधावे. वाऱ्यात फडफडणारे कव्हर मातीचे कण रंगावर घासून टाकीची चकाकी एका मोसमात घालवते.

चार बांबू आणि एक ताडपत्री यांचा उतरता मांडव या सगळ्यांपेक्षा उत्तम. ताडपत्री गाडीपासून हातभर उंच, मागे उतार दिलेली आणि चारही बाजूंनी मोकळी असावी. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे मीठ उघड्या गाडीवरून पाऊस धुऊन नेतो, पण आडोशाच्या गाडीवर ते साचत राहते आणि हवेतली ओल ओढून घेते. त्यामुळे मांडवातली गाडी आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने धुतली नाही, तर ती बाहेरच्या गाडीच्या आधी गंजू शकते.

सीटसाठी वेगळा उपाय करावा. रेक्झिनच्या शिवणीतून पाणी स्पंजात मुरते आणि नंतर बसल्यावर कपडे भिजवते, एवढेच नव्हे तर खाली बॅटरी आणि फ्यूज यांच्यावर ठिबकत राहते. रात्री सीटवर प्लास्टिकची पिशवी ओढावी आणि सकाळी काढावी. स्पंज भिजलाच असेल तर सीट काढून पडवीत भिंतीला उभी टेकवून ठेवावी. आडवी ठेवली तर पाणी आतल्या आत राहते.

चेन, केबल आणि ब्रेक

पावसात उभ्या असलेल्या गाडीची चेन एका रात्रीत तांबडी होते. हा वरवरचा गंज आहे, घाबरण्यासारखा नाही, पण तसाच राहिला तर कड्या अडकू लागतात आणि चेन घण घातल्यासारखे झटके देते. इंजिन बंद ठेवून, गाडी मेन स्टँडवर घेऊन, मागचे चाक हाताने फिरवत, रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने चेन साफ करावी, फडक्याने कोरडी करावी आणि ९० नंबरचे गिअर ऑइल किंवा चेनसाठीचा स्प्रे चेनच्या आतल्या बाजूला थेंबथेंब सोडावा. आतून सोडलेले तेल फिरताना बाहेर फेकले जाऊन सगळीकडे पोहोचते. पंधरा मिनिटांनी वरचे जादा तेल पुसावे. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून हे काम करणारे लोक मी पाहिले आहेत. चेन आणि स्प्रॉकेट यांच्यात बोट सापडले तर ते परत मिळत नाही, इतकेच सांगतो. पूर्ण बंद चेन कव्हर असलेल्या गाड्यांत कव्हरच्या तळाशी पाणी आणि चिखल साचतो, तेव्हा पावसाळ्यात महिन्यातून एकदा ते कव्हर उघडून पुसून घ्यावे. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे पाणी हटवायला आणि अडकलेला बोल्ट सोडवायला चांगला असतो, परंतु तो चेनचे वंगण नव्हे. पहिल्या सरीतच तो निघून जातो.

क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्या केबलमध्ये पाणी वरच्या टोकातून शिरते. लिव्हरपाशी असलेली रबरी टोपी फाटलेली असेल तर केबल आतून गंजते आणि एखाद्या दिवशी लिव्हर दाबल्यावर परत येतच नाही. पावसाळ्याआधी वरचे टोक मोकळे करून शिलाई मशीनच्या तेलासारखे पातळ तेल, ते खालच्या टोकाला दिसेपर्यंत, आत सोडावे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मूठ आपोआप, झटक्यासरशी मागे आली पाहिजे. ती रेंगाळत असेल तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नये.

डिस्कवर सकाळी दिसणारा नारिंगी थर पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये घासून निघतो. त्याला तेल किंवा स्प्रे अजिबात लावू नये. ड्रम ब्रेकची गोष्ट वेगळी आहे, कारण आत गेलेले पाणी लवकर वाळत नाही आणि चार-पाच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक शू कधीकधी ड्रमला धरून बसतात. अशा वेळी इंजिनच्या जोरावर गाडी खेचू नये. न्यूट्रलमध्ये मागे-पुढे ढकलली की टक् असा आवाज होऊन चाक सुटते. निघाल्यावर पहिले शंभर-दोनशे मीटर अगदी हळू जात ब्रेक हलकासा दाबून धरावा, म्हणजे आतली ओल उष्णतेने निघून जाते. पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या चकचकीत नळ्या मात्र रोज तेलाच्या फडक्याने पुसाव्यात. त्यांवर टाचणीच्या टोकाएवढा गंजाचा खड्डा पडला तरी तो दर हिसक्याला आतले तेल अडवणारे रबरी ऑइल सील कापत राहतो.

जुने इंजिन ऑइल डिझेलमध्ये कालवून गाडीच्या खालच्या बाजूला फासण्याची पद्धत गावाकडे अजून आहे. गंज काही प्रमाणात थांबतो हे मान्य केले, तरी ते तेल पावसाबरोबर ओघळून टायरवर, ब्रेकवर आणि रबरी भागांवर उतरते, त्यामुळे मी ती पद्धत सुचवणार नाही. मडगार्डच्या आतला चिखल धुऊन काढला, तर निम्मे काम तेवढ्यानेच होते, कारण तो चिखल ओल्या फडक्यासारखा पत्र्याला चिकटून असतो. धुताना प्रेशरची धार चाकाच्या बेअरिंगवर, हँडलखालच्या बेअरिंगवर म्हणजे कोनसेटवर आणि स्विचांवर मारू नये. पावसाला जे महिन्याभरात जमत नाही ते ही धार मिनिटात करते.

वायरिंग आणि बॅटरी

पावसाळी सकाळी सेल्फ फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तेव्हा आधी प्लगची टोपी पाहावी. प्लग ज्या खाचेत बसतो तिला बाहेर पाणी जाण्यासाठी एक छोटे भोक असते. ते चिखलाने बुजले की प्लग पाण्यात उभा राहतो आणि ठिणगी टोपीच्या बाहेरूनच इंजिनच्या अंगाला जाते. टोपी काढून आतून-बाहेरून कोरडी करावी, खाचेतले पाणी फडक्याच्या चिंधीने टिपावे आणि भोक मोकळे करावे. अंधारात इंजिन चालू असताना वायरवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या, तर वायर आणि टोपी दोन्ही बदलण्याची वेळ आली आहे. हात मात्र लावू नये.

वायरिंगचे जोड उघडून त्यांत इन्सुलेशन टेप गुंडाळण्यापेक्षा सिलिकॉनचे डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारे) ग्रीस हलक्या हाताने भरावे, कारण टेपच्या आत शिरलेले पाणी बाहेर येत नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरी किंवा हिरवट पूड दिसली तर आधी वजा बाजूची आणि मग अधिक बाजूची वायर सोडून टोके गरम पाण्याने व जुन्या टूथब्रशने साफ करावीत, पूर्ण वाळू द्यावीत, आधी अधिक व मग वजा वायर जोडावी आणि वरून व्हॅसलिन लावावे. बारा व्होल्टची निरोगी बॅटरी रात्रभराच्या विश्रांतीनंतर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ च्या खाली आली असेल तर ती निम्म्याहून अधिक उतरली आहे असे समजावे. किल्लीच्या भोकात ग्रीस घालू नये, त्याला माती चिकटते; पातळ तेलाचे दोन थेंब पुरतात.

पावसाळ्यात उंदरांनाही कोरडी जागा हवी असते, आणि एअर फिल्टरचा डबा त्यांच्या दृष्टीने पडवीच असते. आठवड्यातून एकदा बाजूचे कव्हर उघडून आत काही चावल्याच्या खुणा, कागदाचे तुकडे किंवा लेंड्या दिसतात का, ते पाहावे.

रोज दोन मिनिटे गाडी चालू ठेवण्याची सवय

गाडी वापरात नसली तरी रोज सकाळी उभ्या जागी दोन मिनिटे चालू करून बंद करणारे पुष्कळ लोक असतात. हेतू चांगला असला तरी परिणाम उलटा होतो. पेट्रोल जळताना त्यातल्या हायड्रोजनपासून पाणी तयार होते, आणि हिशेब केला तर एक लिटर पेट्रोलमागे साधारण एक लिटर पाणी होते. गाडी तापलेली असेल तर ते वाफेच्या रूपात निघून जाते. थंड सायलेन्सरमध्ये मात्र ते आतच धरते आणि त्याला आतून खाते. इंजिन ऑइलमध्येही थोडी ओल आणि न जळलेले पेट्रोल मिसळते, आणि सेल्फने खाल्लेली वीज दोन मिनिटांत बॅटरीला परत मिळत नाही. पावसाने सायलेन्सर सडला, अशी तक्रार आपण करतो तेव्हा त्यातले पुष्कळसे पाणी इंजिनाने स्वतःच तयार केलेले असते. आठवड्यातून एकदा गाडी आठ-दहा किलोमीटर नीट तापेपर्यंत चालवावी, आणि तेवढे शक्य नसेल तर तिला हातच लावू नये. बऱ्याच सायलेन्सरना खालच्या बाजूला पाणी गळण्यासाठी एक बारीक भोक असते. ते तारेने मोकळे ठेवावे. गळके समजून वेल्डिंगने बुजवू नये.

पाणी गाडीवर चढले असेल तर

आतापर्यंतचे सगळे वरून पडणाऱ्या पाण्याबद्दल होते. खालून चढणारे पाणी ही निराळी आपत्ती आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचा पूर चिपळूण शहरात शिरला तेव्हा असंख्य दुचाक्या पाण्याखाली गेल्या, आणि पूर ओसरल्यावर अनेकांच्या मनात पहिला विचार आला तो किक मारून पाहण्याचा. नेमके तेच करू नये. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजार रुपयांत भागणारे काम इंजिन खोलण्यापर्यंत जाते.

पाणी चाकाच्या मध्यापर्यंतच आले असेल तर ब्रेक, चेन आणि चाकाचे बेअरिंग तपासून भागते. ते सायलेन्सरच्या तोंडापर्यंत किंवा एअर फिल्टरच्या डब्यापर्यंत पोहोचले असेल तर किल्ली न फिरवता आधी पाण्याची रेषा दिसेल असे फोटो काढावेत आणि विमा कंपनीला कळवावे. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई त्यातून मिळत नाही, आणि सर्वसमावेशक विमा असला तरी पाण्यात बुडालेले इंजिन चालू केल्याने झालेले नुकसान नाकारले जाऊ शकते. मग बॅटरीची वजा वायर सोडावी, एअर फिल्टर काढून डबा कोरडा करावा, प्लग काढावा आणि प्लग बाहेर असतानाच किक हळूहळू दाबावी, म्हणजे सिलिंडरमधले पाणी प्लगच्या भोकातून बाहेर पडेल. त्या वेळी भोकासमोर तोंड नेऊ नये. इंजिन ऑइल दुधाळ चहासारखे दिसत असेल तर ते सगळे काढून नवे स्वस्तातले ऑइल भरावे, इंजिन थोडा वेळ चालवून तेही काढावे आणि मगच नेहमीचे भरावे. एकदा बदलून आतला सगळा दुधाळपणा जात नाही. केवळ ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा पातळ थर दिसला आणि खालचे ऑइल स्वच्छ असले, तर तो जवळच्या जवळच्या फेऱ्यांमुळे धरलेल्या वाफेचा असतो, पुराचा नव्हे. टाकी, कार्ब्युरेटर आणि ब्रेक ड्रम हेही रिकामे करून पुसावे लागतात, आणि पुराच्या पाण्यातला बारीक गाळ बेअरिंगमध्ये गेलेला असल्यामुळे ते काही आठवड्यांत आवाज करू लागण्याची शक्यता गृहीत धरावी.

पाऊस गेल्यावर

ऑक्टोबरच्या उन्हात गाडी दिवसभर सीट व बाजूची कव्हरे काढून उभी करावी. ब्रेक ड्रम उघडून साफ करावेत, कोनसेटमध्ये नवे ग्रीस भरून घ्यावे, आणि ब्रेक फ्लुइड दोन वर्षांहून जुने असेल तर बदलून घ्यावे, कारण ते हवेतली ओल सतत पीत असते. टाकीच्या झाकणाभोवती पुन्हा एकदा पेलाभर पाणी ओतून पाहावे. कुंभारमाशीला असली अरुंद भोके घर बांधायला फार आवडतात, आणि तिने मातीने लिंपलेली नळी पुढच्या जूनपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.